आधी रॉड तोला

पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट असे तीनच प्रकार असतात. प्रत्येकात तीन प्रयत्न मिळतात आणि तिन्हींतल्या सर्वात जड यशस्वी वजनांची बेरीज म्हणजे खेळाडूचे टोटल. खेळ सारा किलोंच्या हिशोबाचा, आणि नवशिक्या बहुधा त्या हिशोबातच चुकतो.

स्पर्धेतला रॉड 20 किलोचा असतो आणि दोन कॉलर अडीच-अडीच किलोच्या. म्हणजे एकही प्लेट न चढवता 25 किलो होतात. लालबाग-परळच्या जुन्या व्यायामशाळांत मारुतीच्या तसबिरीखाली ठेवलेला रॉड तसाच असेल असे नाही. तो बारीक आणि बराच हलका असू शकतो. ओतीव प्लेटवर उठवलेला आकडाही दर वेळी खरा नसतो.

प्रस्तुत लेखकाने परळच्या अशाच एका व्यायामशाळेत चार महिने डेडलिफ्ट मारली. रॉड 20 चा धरून, 20 च्या चार प्लेट चढवून 100 किलो झाले, असे वहीत लिहिले. मग दादरच्या एका जिममध्ये, चार जण बघत उभे असताना, 110 लावले. रॉड गुडघ्यापर्यंत आला, पाठ कमानीसारखी वाकली आणि कंबरेत उसण भरली. दोन दिवस चाळीचा जिना उतरता आला नाही. शेजारी सांगतात म्हणून रगडून मालीश करून घेतले, त्याने दुखणे वाढलेच. पुन्हा रॉडला हात लावायला तीन महिने गेले. पुढे जुने सामान भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवले, तेव्हा रॉड 12 किलो भरला आणि चार प्लेट मिळून 76. वहीतले 100 प्रत्यक्षात 88 होते. दादरची उडी 10 किलोंची नव्हती, 22 किलोंची होती.

म्हणून नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी सामान तोलावे आणि खडूने खरे वजन लिहून ठेवावे. प्लेटचा व्यासही पाहावा. मोठ्या प्रमाणित प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. छोट्या प्लेटवर तो त्याहून खाली जातो, आणि तेवढ्यासाठी पाठ वाकते. प्लेटखाली लाकडी ठोकळे ठेवून रॉड नडगीच्या मध्यापर्यंत आणला, की निम्मे काम होते.

जोर-बैठका मारलेल्यांचे पाय तयार असतात, पण एक सवय मोडावी लागते. देशी बैठकीत टाचा उचलल्या जातात. स्क्वॉटमध्ये त्या जमिनीला टेकलेल्याच हव्यात. शिवाय स्पर्धेत मांडीचा वरचा भाग कंबरेच्या सांध्यापाशी गुडघ्याच्या माथ्याखाली जायला हवा, नाहीतर पंच लाल दिवा दाखवतात. धावण्याचे मऊ बूट इथे उपयोगाचे नाहीत, सपाट तळव्याचे कॅनव्हास चालतात. श्वास पोटात भरून, पोट घट्ट करून मगच खाली जावे. मल्लखांब केलेल्यांना डेडलिफ्टमध्ये पकडीचा फायदा मिळतो. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात किंवा इतरत्र तो शिकलेल्यांनी ही शिदोरी कमी लेखू नये. पावसाळ्यात मात्र घामेजलेल्या हातांना खडूची पूड लागतेच.

बेंच प्रेस एकट्याने मारू नये. डोक्याशी हात द्यायला कोणी हवे आणि अंगठा रॉडभोवती वळलेला हवा. एकट्यानेच मारायची वेळ आली तर हलके वजन घ्यावे आणि कॉलर लावू नये. रॉड छातीवर अडकला तर तो कलवून प्लेट सोडता येतात.

आठवड्यातून तीन दिवस पुरेत. सुरुवातीला नुसत्या रॉडने किंवा अगदी हलक्या वजनाने, पाच-पाचचे तीन सेट. ते नीट उतरले, तर पुढच्या वेळी अडीच किलो वाढवावे. डेडलिफ्टमध्ये काही आठवडे पाच किलोंची वाढही चालते. स्नायू लवकर तयार होतात, कंडरा आणि अस्थिबंध मागून येतात. म्हणूनच अंगात जोर वाटतो त्या दिवशी ठरल्यापेक्षा जास्त लावण्याचा मोह सर्वात धोक्याचा. खुराकात डाळ-उसळ, अंडी, मासळी आणि पुरेशी झोप असली की सुरुवातीला डब्यातल्या पावडरीवाचून अडत नाही.

साधी उसण भरली तर दिवसभर पडून राहू नये. झेपेल तेवढे चालावे. कळ पायात उतरली, पाय बधिर झाला तर डॉक्टरकडे जावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

पहिल्या स्पर्धेत पहिला प्रयत्न सरावात तीनदा सलग सहज उचलता येईल अशा वजनाचा ठेवावा. तिन्ही प्रयत्न फुकट गेले तर त्या प्रकारात वजनच नोंदवले जात नाही आणि टोटल उरत नाही. पंचांच्या आज्ञांचा सरावही आधीच करावा: बेंचवर रॉड छातीशी थांबवून ‘प्रेस’ ऐकूनच वर ढकलायचा असतो, आणि डेडलिफ्टमध्ये ‘डाउन’ होईपर्यंत तो खाली सोडायचा नसतो.