वृद्धाश्रमात गाणे म्हणायला जाताना



अमरावतीजवळच्या एका वृद्धाश्रमात मी दर महिन्याला रक्तदाब आणि साखर तपासायला जाते. तिथे ऐंशी ओलांडलेल्या एक आजी आहेत. त्यांना स्मृतिभ्रंश आहे. लेकाचे नाव आठवत नाही, जेवण झाले की नाही तेही आठवत नाही. संध्याकाळी भजन सुरू झाले की सगळे टाळ्या वाजवत. आजी मात्र भिंतीकडे तोंड करून बसत. “बुढीले काही समजत नाही,” असे सगळ्यांनी ठरवून टाकले होते.

भीमजयंतीच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या चार बाया ढोलकी घेऊन सोबत आल्या. त्यांनी वामनदादा कर्डकांचे एक जुने गीत धरले. दुसऱ्या कडव्याला आजी वळल्या, त्यांचे ओठ हलू लागले. पुढच्या कडव्यात बाया अडखळल्या, तेव्हा ती ओळ आजींनी पुरी केली आणि म्हणाल्या, “काहून थांबल्या वं पोरीहो?”

आजींना समजत होते. त्यांचे गाणे तिथे कोणी म्हणत नव्हते, एवढेच.

असे का होते?

स्मृतिभ्रंशात बहुधा नव्या आठवणी आधी पुसतात, जुन्या उशिरा. गाण्याचे शब्द, चाल, ताल आणि त्यातली भावना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत असतात. म्हणून काही भाग झिजला तरी गाणे तगून राहते. लहानपणी आणि तरुणपणी ऐकलेली गाणी सर्वांत पक्की असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेव्हाची दहा-बारा वर्षांची पोरे आज ऐंशीच्या आसपास आहेत. ज्या घरात अक्षर पोहोचले नव्हते, तिथे बाबासाहेबांचा विचार जलशातून आणि वामनदादांसारख्या (१९२२–२००४) गावोगाव फिरणाऱ्या शाहिरांच्या गाण्यातून पोहोचला. या पिढीसाठी भीमगीत ही शाळा होती.

गाण्याने स्मृतिभ्रंश बरा होत नाही. पण उदासी कमी होऊ शकते, काहींची बेचैनी काही वेळ शांत होऊ शकते, माणूस माणसाशी बोलू लागू शकतो.

जाताना हे पाळा :

१. आधी आश्रमाच्या व्यवस्थापकांना विचारा. जेवणाची, झोपेची वेळ टाळा. चार-पाच जण, अर्धा-पाऊण तास पुरे.

२. स्पीकर, डीजे नको. कमी ऐकू येणाऱ्याला ओरडून नव्हे, समोर बसून, तोंड दिसेल असे सावकाश म्हणा. ढोलकी हलक्या हाताने वाजवा.

३. “तुम्ही कोणत्या समाजाचे?” असे चारचौघांत विचारू नका. तिथे काही जण ओळख सांगायला बिचकतात. “लहानपणी कोणतं गाणं आवडे?” एवढेच विचारा. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना तुकडोजी महाराजांचे खंजिरीचे भजन हवे असेल, तर तेही म्हणा.

४. एक ओळ म्हणून थांबा, त्यांना पुढची म्हणू द्या. लकवा झालेल्यांना चांगल्या हाताने मांडीवर ताल धरू द्या.

५. डोळ्यांत पाणी आले तर “रडू नका” म्हणू नका. हात धरून बसा. कोणी घाबरले, चिडले तर गाणे थांबवा.

६. सर्दी-खोकला, ताप असेल तर जाऊ नका. न विचारता पेढा, बुंदी देऊ नका. साखरेचा आजार असतो, काहींना गिळताना ठसका लागतो. परवानगीशिवाय फोटो, व्हिडिओ काढू नका.

७. कोणाला कोणते गाणे भावले ते तिथल्या सेविकेला लिहून द्या. अंघोळ घालताना, औषध देताना तिने तेच गुणगुणले तर काम सोपे होते.

एक इशारा. बोलते-चालते म्हातारे माणूस एक-दोन दिवसांत अचानक गप्प झाले, बरळू लागले, तर त्याला ‘वय झालं’ म्हणू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, साखर उतरणे, शरीरातले पाणी कमी होणे यानेही असे होते आणि वेळीच उपचार झाले तर माणूस सावरते. लगेच अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठा. तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, तर १०८ ला फोन करा. ज्येष्ठांना कोणी छळत असेल, टाकून दिले असेल, तर १४५६७ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.

अतिसाराने पडून असलेल्या, कोणी न विचारणाऱ्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः अंघोळ घातली, ही कथा आपण विहारात ऐकतो. वर्षावासात तीन महिने ग्रंथवाचन होते. त्यातली एक दुपार जवळच्या वृद्धाश्रमासाठी ठेवा. आणि त्याआधी आपल्याच घरातल्या आजीजवळ बसून तिची गाणी वहीत उतरवून घ्या. उद्या ती विसरली, तर तिला ऐकवायला ती कोणाला तरी यायला हवीत.

जयभीम, नमो बुद्धाय!