मशीन शून्य दाखवतं तेव्हा

दारू आणि गाडी म्हटलं की थर्टी फर्स्टची नाकाबंदी आठवते. हवालदार तोंडासमोर मशीन धरतो आणि म्हणतो, ‘फुंका’. पिऊन गाडी चालवू नये, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, त्यावर मी आणखी काय लिहिणार? मला लिहायचंय ते त्या मशीनला कधीच न सापडणाऱ्या दिवसाबद्दल. रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली, की त्यानंतरचा तो दिवस.

माझा भाजीचा टेम्पो. तासगाव भागात माल भरायचा आणि पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात उतरवायचा. गाडीवर बसायच्या आधी काही तास घ्यायची नाही, हा माझा नियम आणि त्याचा मला केवढा ताठा! पण माल उतरला, पट्टी हातात पडली की क्वार्टर ठरलेली. पुढे पुढे सकाळी दाढीचं ब्लेड हातात धरवेना. नव्वद पोटात गेली की हात जागेवर यायचा. त्याला आम्ही औषधच म्हणायचो.

कार्तिकी एकादशीला बायकोच्या आग्रहाने माळ घातली. माळ घातली की दारू सुटली, एवढं सरळ गणित. दिवसभर घाम सुटला, मळमळलं, डोळ्याला डोळा लागला नाही. उपासाने होत असेल, असं घरच्यांनीही म्हटलं. द्वादशीचा बाजार मोठा, म्हणून त्याच रात्री माल भरून निघालो. साताऱ्याच्या पुढे नाकाबंदी लागली. फुंकलो. शून्य. हवालदार म्हणाला, “माळकरी दिसताय. जावा सावकाश.”

शिरवळच्या आसपास चहाला उतरलो आणि टपरीपुढेच झटका आला. पुढचं मला क्लीनर पोराने सांगितलं. दात आवळले, अंग ताठलं, मग हातपाय झडायला लागले. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल हुंगवली. मुठीत लोखंड द्यावं लागतं म्हणून टेम्पोची चावीच माझ्या हातात कोंबली. जाग आली तेव्हा जीभ चावलेली होती आणि चावी हातातच. “अण्णा, जरा पडा,” असं पोरगं म्हणत होतं. पण कोथिंबीर थांबत नाही. तशीच चावी लावली आणि यार्ड गाठलं. मधला रस्ता मला अजून आठवत नाही. तोच झटका थोडा आधी आला असता, तर खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या एस वळणावर आला असता.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं. दारू मेंदूला रोज दाबून ठेवते, म्हणून मेंदू उलटा जोर लावायला शिकतो. दाब अचानक काढला की तो जोर मोकाट सुटतो. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत झटका येऊ शकतो. काहींना दोन-चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. व्यसनमुक्तीच्या वॉर्डात या सगळ्याला ‘टर्की’ म्हणतात. त्यावर उपचार आहेत: बी-1 जीवनसत्त्व आणि हळूहळू कमी करत नेलेल्या शांत करणाऱ्या गोळ्या. त्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणजे त्या काळातही स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

कायदा इथे फारसा कामाला येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कलम 19 खाली अट्टल दारुड्याचं लायसन्स रद्दही करता येतं. पण आजारी माणसाने किती दिवस थांबायचं, हे त्यात कुठेच नाही. ब्रिटनमध्ये दारूचं अवलंबित्व निघालं तर साध्या कारला किमान एक वर्ष आणि लॉरी-बसला तीन वर्षं दारूमुक्त राहिल्याशिवाय लायसन्स मिळत नाही, आणि झटक्याचा नियम आणखी वेगळा. माझ्या डॉक्टरांनी तीच फूटपट्टी माझ्यासमोर ठेवली. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आपल्या आरटीओतही ती टांगावी.

आपल्याकडे हाताशी आहे तो फॉर्म. लायसन्सच्या अर्जासोबतच्या फॉर्म 1 मधला पहिलाच प्रश्न मिरगी, अचानक शुद्ध हरपणं किंवा चक्कर येण्याबद्दल आहे. व्यावसायिक लायसन्सला आणि चाळिशीनंतर डॉक्टरांचा फॉर्म 1-अ सुद्धा लागतो. त्यात दारूची चौकट शोधू नका. दारू सोडताना आलेला झटका त्या पहिल्या प्रश्नातच बसतो. पण आपण लिहितो ‘नाही’, आणि डोळ्यांत न बघता सही करून देणारा एखादा डॉक्टर दोन-तीनशे रुपयांत मिळतोच. खरं लिहिलं तर लायसन्स अडकेल, हे मीही जाणतो. तरीही खरंच लिहा, निदान तुमच्या डॉक्टरांना तरी सांगा, आणि परत कधी चालवायचं ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

सकाळी हात थरथरत असतील आणि एका पेगने थांबत असतील, तर नवस, माळ, पोराबाळांची शपथ यापैकी कशावरही दारू घरच्या घरी तोडू नका. सोडा जरूर, पण आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा किंवा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हा. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे. माळ तिथून आल्यावर घाला, पांडुरंग काही घाईत नाही. घरच्यांनी चावी आपल्याकडे ठेवायची, मोटरसायकलची सुद्धा. झटका आलाच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ द्या, तोंडात चमचा-बोट काही घालू नका आणि 108 ला फोन करा. कांदा आणि चप्पल राहू द्या.

सगळ्यात अवघड प्रश्न पोटाचा. माझा टेम्पो स्वतःचा, म्हणून भाच्याला स्टिअरिंगवर बसवून मी यार्डात हिशोबाला बसू शकलो. पगारी ड्रायव्हरने आजार सांगितला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या सीटवर दुसरा दिसतो. म्हणून तो सांगत नाही आणि मशीनवर शून्य दाखवून निघतो. ट्रान्सपोर्टवाल्यांनो, अशा माणसाला वर्षभर गोदामात, वजनकाट्यावर, बिल्टी फाडायला ठेवा. पगार थोडा कमी द्या, पण ठेवा.