मुंबईचे आंदण : एका इंग्रज राजाची सत्ता, श्रद्धा आणि संसार

रावेतला पवनेच्या काठी उभे राहिले, की मुंबईकडे धावणाऱ्या वाहनांची घरघर कानांवर येते. आपल्या भागात असे घर विरळाच, की ज्यातले कोणी ना कोणी पोटासाठी मुंबईला गेले नाही. त्या मुंबईविषयी इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत आपण सारे एक वाक्य हमखास लिहितो : ‘पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली.’ वाक्य बरोबर आहे, त्याला गुणही मिळतात. परंतु या एका वाक्यामागे एका राजाची लपवलेली श्रद्धा, एका राणीचे दुःख आणि काही शे सामान्य माणसांचे मरण दडलेले आहे. सत्ता आणि धर्म यांचे नाते कसे असते, हे समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण आपल्याला क्वचितच सापडेल. म्हणून त्या एका वाक्याचा थोडा विस्तार करण्याचा हा प्रयत्न.

गरजवंतांचा सोयरसंबंध

दुसरा चार्ल्स 1660 मध्ये इंग्लंडच्या गादीवर परत आला तेव्हा त्याच्यापाशी मुकुट होता, पण पैसा नव्हता. त्याच्या बापाचा, पहिल्या चार्ल्सचा, 1649 मध्ये पार्लमेंटच्या पक्षाने शिरच्छेद केला होता. ऐन तारुण्यातली वर्षे चार्ल्सने परक्यांच्या दारी काढली होती. त्याची आई रोमन कॅथॉलिक, तर ज्या राज्यावर तो बसला ते कडवे प्रॉटेस्टंट. इंग्लंडच्या राजाला आठव्या हेन्रीच्या काळापासून आपल्या देशाच्या चर्चचेही प्रमुखपद सांभाळावे लागे. म्हणजे राजाने कोणत्या देवळात जावे, हा तिथे खाजगी प्रश्नच नव्हता. तो राज्याचा प्रश्न होता.

दुसऱ्या बाजूला पोर्तुगालही अडचणीत होता. 1640 मध्ये स्पेनचे जू झुगारल्यापासून त्याला बलवान मित्राची निकड होती. पूर्वेकडे डच त्याची ठाणी एकामागून एक घेत होते. 1656 मध्ये कोलंबो गेले होते. तेव्हा दोन गरजवंतांनी सोयरीक जुळवली. 23 जून 1661 रोजी विवाहाचा तह झाला. ब्रागांझा घराण्याची राजकन्या कॅथरीन हिच्याबरोबर 20 लाख क्रुझादोंची रक्कम, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे टँजियर आणि अरबी समुद्रातले मुंबई बेट चार्ल्सला मिळणार होते. त्या बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या पाठीशी उभे राहायचे होते. प्रत्यक्षात रकमेचा बराच भाग साखर, जडजवाहीर आणि हुंड्या यांच्या रूपाने पदरात पडला. लग्नाच्या देण्याघेण्यात होणारी ओढाताण ही काही आपल्याकडचीच खासियत नव्हे!

या तहातले एक कलम मात्र आपण नीट लक्षात ठेवले पाहिजे. मुंबईत जे रहिवासी राहतील त्यांना रोमन कॅथॉलिक धर्म मोकळेपणाने पाळता येईल, असे वचन इंग्लंडच्या राजाने दिले होते. त्याच काळात इंग्लंडमध्ये कॅथॉलिकांवर कडक निर्बंध होते. या विसंगतीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

महालातले दुःख

21 मे 1662 रोजी पोर्ट्‌स्मथ येथे लग्न लागले, तेही दोनदा. आधी कॅथरीनच्या समाधानासाठी बंद दाराआड कॅथॉलिक विधी झाला. मग लोकांना दिसावा म्हणून इंग्लंडच्या चर्चचा विधी झाला. या राजवटीचे सारे मर्म त्या दोन विधींत आहे. एक श्रद्धा दाराआडची, दुसरी दरबारची.

नव्या राणीच्या वाट्याला सुख फारसे आले नाही. राजाची प्रेमपात्र लेडी कॅसलमेन हिला राणीच्याच खासगीतली मानकरीण नेमण्याचा हट्ट चार्ल्सने धरला. राणीने प्रथम साफ नकार दिला. ती बाई समोर आणली गेली तेव्हा राणीला मूर्च्छा आली, असे त्या वेळचे लोक सांगतात. शेवटी परक्या देशात एकट्या पडलेल्या त्या मुलीला नमते घ्यावे लागले. तिला मूल झाले नाही. ही गोष्ट घरातली. पण राजाच्या घरातली गोष्ट घरात राहत नाही. औरस वारस नसल्याने गादी चार्ल्सचा भाऊ जेम्स याच्याकडे जाणार हे दिसू लागले, आणि जेम्स तर पुढे उघड कॅथॉलिक झाला. राणीची ओटी रिकामी राहिली, त्यातून इंग्लंडच्या राज्यघटनेचा पेच उभा राहिला.

अंजदीवचे मरण

आता मुंबईकडे वळू. आंदण कागदावर मिळाले. ते ताब्यात घ्यायला मार्लबरोचा अर्ल आणि सर अब्राहम शिपमन हे सुमारे 400 सैनिक घेऊन सप्टेंबर 1662 मध्ये मुंबईपाशी आले. पोर्तुगीज विजरई आंतोनियु द मेलु द कास्त्रु याने बेट देण्यास नकार दिला. शिपमनपाशी असलेले अधिकारपत्र रीतसर नाही, ही त्याची सबब. मनातली भीती निराळी होती. मुंबई इंग्रजांच्या हाती गेली तर पोर्तुगीजांचा हिंदुस्थान संपला, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते आणि आपल्या राजाला त्याने ते कळवलेही. पुढचा इतिहास पाहता त्याला दूरदृष्टी नव्हती असे कोण म्हणेल?

दोन राजांचा पत्रव्यवहार चालू राहिला आणि शिपमनचे सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडले. वर पाऊस, खाली दलदल, पोटात अपुरे अन्न, अंगात ताप. एप्रिल 1664 मध्ये खुद्द शिपमन तिथेच मेला. अखेर त्याचा चिटणीस हंफ्री कुक याने विजरईच्या जाचक अटी मान्य केल्या, आणि 18 फेब्रुवारी 1665 रोजी दोना इग्नेस द मिरांदा या जमीनदारीणबाईच्या वाड्यात मुंबई इंग्रजांच्या हवाली झाली. तोवर त्या 400 पैकी जेमतेम शंभरएक माणसे जिवंत होती. राजाच्या लग्नाची ही किंमत. ती भरणाऱ्यांपैकी कोणी वरातीत नव्हते.

आणि बेटावरचे कोळी, भंडारी, कुणबी? त्यांना तर कोणी विचारलेही नाही. कुकने मान्य केलेल्या अटींत त्यांचा उल्लेख आहे, पण तो कसा? पोर्तुगीज हद्दीतल्या गावांतले कुणबी, भंडारी मुंबईत आले तर त्यांना थारा देऊ नये, असा. राबणारे हात इकडचे तिकडे होऊ नयेत याची चिंता दोन्ही राजांच्या कारभाऱ्यांना होती.

लंडनला जमले नाही ते मुंबईत

बेट हाती आले, पण त्याचा खर्च चार्ल्सला परवडेना. 27 मार्च 1668 च्या सनदेने त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. वार्षिक खंड अवघा 10 पौंड सोने. कायद्याच्या भाषेत मुंबई ही केंट परगण्यातल्या पूर्व ग्रीनिच जहागिरीप्रमाणे धरली गेली! त्याच सुमारास कंपनीने राजाला 50 हजार पौंडांचे कर्ज दिले, हे ध्यानात घेतले म्हणजे 10 पौंडांचा उलगडा होतो.

इकडे लंडनमध्ये राजाची श्रद्धा आणि सत्ता यांचा झगडा तीव्र होत होता. 1670 मध्ये चार्ल्सने फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी डोव्हर येथे गुप्त करार केला. योग्य वेळी आपण कॅथॉलिक असल्याचे जाहीर करू, त्याबद्दल लुईने पैसा द्यावा, असे त्यात ठरले. ती योग्य वेळ त्याने कधीच येऊ दिली नाही. 1672 मध्ये त्याने धर्माच्या बाबतीत सवलत देणारा जाहीरनामा काढला. पार्लमेंटने पैशाची नाडी आवळताच 1673 मध्ये तो मागे घेतला. उलट पार्लमेंटने ‘टेस्ट अ‍ॅक्ट’ मंजूर केला. सरकारी अधिकारपद हवे असेल तर इंग्लंडच्या चर्चचा प्रसाद घ्यावा आणि कॅथॉलिक मताचा शपथेवर इन्कार करावा, असा तो कायदा. राजाच्या सख्ख्या भावाला, जेम्सला, आरमारप्रमुखाचे पद सोडावे लागले.

नेमक्या याच वर्षांत मुंबईत काय चालले होते? गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर (1669 ते 1677) बेटावर वस्ती वाढावी म्हणून झटत होता. व्यापारी यायचे तर त्यांना धर्माची हमी हवी होती. कारण पोर्तुगीज मुलखातला सक्तीचा अनुभव लोक विसरले नव्हते. 1677 मध्ये दीवचा वाणी व्यापारी नीमा पारेख याने मुंबईत येण्यापूर्वी लेखी अटी घातल्या. आपल्या घरी आपल्या धर्माप्रमाणे पूजाअर्चा करता यावी, आपल्या आवारात कोणी जीवहत्या करू नये, आपल्या माणसांवर धर्मांतराची किंवा ओझी वाहण्याची सक्ती होऊ नये. कंपनीने त्या मान्य केल्या. कॅथॉलिकांना तर विवाहाच्या तहानेच अभय होते.

माझ्या मते या कथेचा गाभा इथे आहे. लंडनमध्ये जे धर्मस्वातंत्र्य खुद्द राजाला आपल्या सख्ख्या भावासाठी मिळवता आले नाही, ते त्याच्याच आंदणातल्या बेटावर एका वाण्याला करार करून मिळाले. इंग्रज इकडे येऊन अधिक उदार झाले म्हणून नव्हे. इथे त्यांना माणसांची गरज होती; तिथे त्यांना माणसांची भीती होती. आणि गरजेपोटी दिलेले अभय गरज फिरली की डळमळते. 1720 मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना मुंबई सोडावी लागली, कारण त्यांची निष्ठा आता संशयास्पद वाटू लागली होती.

राजाच्या नावाने बंड

1678 मध्ये टायटस ओट्स नावाच्या लबाडाने कॅथॉलिकांनी राजाच्या खुनाचा कट केल्याची आवई उठवली. अनेक निरपराध फासावर गेले. राणी कॅथरीन हिच्यावरही विषप्रयोगाचा आरोप झाला. ज्या बायकोला त्याने आयुष्यभर दुःख दिले, तिच्या पाठीशी चार्ल्स या वेळी मात्र ठाम उभा राहिला. भावाला वारसा नाकारणारे विधेयक येताच त्याने पार्लमेंट पुन्हा पुन्हा बरखास्त केले.

या धामधुमीची सावली मुंबईवरही पडली. कंपनीने शिपायांचे पगार कापले, तेव्हा 27 डिसेंबर 1683 रोजी फौजेचा प्रमुख रिचर्ड केग्विन याने उपगव्हर्नर वॉर्ड याला कैद केले आणि बेट राजाच्या नावाने ताब्यात घेतले. बंड कंपनीविरुद्ध, निष्ठा राजाशी! या केग्विनने रायगडी वकील पाठवून संभाजी महाराजांशी तहही केला. सुमारे अकरा महिने त्याने कारभार पाहिला. पण ज्या राजाचे नाव त्याने घेतले, त्या राजानेच बेट कंपनीला परत देण्याचा हुकूम पाठवला. नोव्हेंबर 1684 मध्ये माफीच्या अटीवर केग्विन शरण आला.

याच इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन 6 जून 1674 रोजी रायगडावर शिवराज्याभिषेकाला हजर होता. तिथेही सिंहासनाला शास्त्राचा आधार घ्यावा लागला. गागाभट्टांनी वैदिक विधी केला, आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला निश्चलपुरी गोसावी याच्या हातून तांत्रिक पद्धतीचा दुसरा अभिषेकही झाला. दोन लग्ने आणि दोन अभिषेक यांचा अर्थ एकच आहे असे नाही. चार्ल्सचा एक विधी लपवलेला, महाराजांचे दोन्ही उघड. परंतु नुसत्या तलवारीने राजा होता येत नाही, लोकांच्या श्रद्धेची मोहोर लागते, हे दोन्हीकडे सारखेच खरे.

अखेरची रात्र

फेब्रुवारी 1685 मध्ये चार्ल्स मृत्युशय्येवर पडला. दरबारी मंडळींना बाहेर काढून मागच्या दाराने जॉन हडलस्टन या कॅथॉलिक पाद्र्याला आणण्यात आले. तरुणपणी पराभूत होऊन पळत असताना याच माणसाने चार्ल्सचा जीव वाचवण्यास मदत केली होती. त्याच्या हातून राजाने कॅथॉलिक धर्माची दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी, 6 फेब्रुवारीला, प्राण सोडला. राणीने क्षमा मागण्यासाठी निरोप पाठवला, तेव्हा क्षमा तर मीच तिची मागायला हवी, असे तो म्हणाल्याचे सांगतात. पंचवीस वर्षे लपवलेली श्रद्धा सत्तेचा उपयोग संपल्यावर बाहेर आली. भाऊ जेम्सने ती लपवली नाही, आणि 1688 मध्ये त्याला गादी सोडून पळावे लागले.

चार्ल्सला ढोंगी म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण ज्या राज्यात राजालाही आपला देव लपवावा लागतो, तिथे सामान्य माणसाची काय कथा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. त्याचे उत्तर दूर शोधायला नको. आपल्या शेजारच्या चिंचवडच्या देवस्थानाची इनामे मोगल, मराठे आणि इंग्रज अशा वेगवेगळ्या राजवटींतून चालत आली. राज्यकर्ते बदलले, त्यांचे धर्म बदलले, पण लोकांच्या श्रद्धेशी जुळवून घेण्याची त्यांची गरज बदलली नाही.

विद्यार्थी मित्रहो, राजाच्या मेहेरबानीने किंवा व्यापाऱ्याच्या सोयीने मिळालेले धर्मस्वातंत्र्य आणि घटनेने प्रत्येकाला हक्क म्हणून दिलेले धर्मस्वातंत्र्य यांत जे अंतर आहे, ते तोडायला माणसाला शतके लागली. म्हणून यापुढे उत्तरपत्रिकेत ‘मुंबई आंदण मिळाली’ हे वाक्य अवश्य लिहा. पण लिहिताना अंजदीवच्या त्या सैनिकांची, महालात एकट्या पडलेल्या कॅथरीनची आणि ज्यांना कोणीच विचारले नाही त्या कोळी-भंडाऱ्यांची क्षणभर आठवण करा. इतिहासाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.