मनीची शेपटी उचलून बघ

बाळा, आपल्या भागात मागाच्या कारखान्यात मांजर लागतंच. चादरींच्या गठ्ठ्यात उंदीर शिरला की माल कुरतडून वाया जातो. पण ज्या उंदरांपासून मनी आपला माल राखते, त्याच उंदरांतून तिच्या पोटात जंत जातात. तेव्हा तिला नुसती दूधभाकरी घालून भागत नाही, तिचं औषधपाणी आपल्याकडेच लागतं.

आधी शेपटी उचलून बघ. तिथं किंवा तिच्या झोपायच्या पोत्यावर तांदळाएवढे पांढरे, वळवळणारे तुकडे दिसले तर ते चपटे जंत. वाळले की तीळ सांडल्यासारखे दिसतात. हे बहुतेक वेळा पिसवांमुळे होतात. पिसूची अळी जंतांची अंडी खाते आणि पुढं अंग चाटताना मनी ती पिसू गिळते. म्हणून पिसवा तशाच ठेवून गोळी दिलीस तर महिन्याभरात पुन्हा तेच. पोतं कढत पाण्यात धू, कडक उन्हात टाक. बारीक दातांच्या फणीनं तिला विंचर आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडव. कुत्र्याचं पिसवांचं औषध मात्र तिला कधीच लावू नको. त्यात परमेथ्रिन असलं तर मांजर झटके येऊन मरू शकतं.

पिल्लांचं पोट टरटरलेलं आणि बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर गोल जंत समज. ते आईच्या दुधातून येतात. म्हणून औषध तीन आठवड्यांपासून दर पंधरवड्याला, दूध सुटल्यावरही एकदा. मग सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला. पिल्लांबरोबर आईलाही दे. मोठ्या, शिकारी मांजराला दर तीन महिन्यांनी. सुताच्या काट्यावर पिल्लू तोल आणि वजन सांगूनच जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध घे. गोल जंतांना पायरँटेल चालतं, चपट्यांना प्राझिक्वांटेल लागतं. माणसाची गोळी अर्धी मोडून देऊ नको.

गल्लीतल्या मांजरांना गोळी द्यायची तर त्यांना रोज एकाच वेळी, वेगवेगळं खायला घाल. गोळी चुरू नको, कडू लागते. माशाचा एक साधा तुकडा, मग गोळी दडवलेला, त्यामागून लगेच पुन्हा साधा.

शी-वाळूची टोपली रोज साफ झाली पाहिजे. ताजी विष्ठा माणसाला सहसा बाधत नाही, पडून राहिली की बाधते. नळाला पाणी रोज येत नसलं तरी हात धुण्यात काटकसर नको. सूनबाईला दिवस गेलेत म्हणून मनीला घराबाहेर काढू नको. फक्त सूनबाईला टोपलीला हात लावू देऊ नको, ती तू साफ कर.