बारा व्होल्टाला कोण मरतंय?

खारघरच्या टॉवरांमध्ये मी वायरिंग करतो, परवाना आहे. पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीकाठच्या दिवाळे कोळीवाड्यातून मेहुण्याचा फोन ठरलेला. गेल्या खेपेला म्हणाला, "दाजी, सर्चलाइट मिणमिणतोय, नवा आणू का?"

दिवा ठणठणीत होता. इंजिनावरची फळी उचलली तेव्हा करपल्याचा वास आला. कुठल्याशा इमारतीत उरलेली दीडची (दीड चौरस मिलिमीटर) वायर, पिळा देऊन जोडलेली, वर चिकटपट्टी. पट्टी सोलली तर आत तांबं हिरवंकाळं, पिठासारखं झडणारं. खालच्या लाकडावर तळहाताएवढा जळका डाग आणि हातभरावर डिझेलचा कॅन. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. "सारखा उडायचा," मेहुणा म्हणाला, "आणि बारा व्होल्टाला कोण मरतंय?"

बाराच्या शॉकनं सहसा कुणी मरत नाही, हे खरंच. पण 120 वॅटचा दिवा घरात 230 व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर खेचतो, तोच बोटीत बाराला 10 अँपिअर. दीडच्या वायरनं 8 मीटर नेला तर जाऊन-येऊन जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच जिरतात. दिवा मिणमिणतो तो म्हणून. त्यात सांधा गंजका असला की उष्णता तिथेच साठते. आमच्यासारखे शहरातले वायरमनही इथेच फसतात. घराचा हिशेब बोटीला लावतात.

स्वतः वायरिंग करू नका, असं मी म्हणणार नाही. खाडीत मध्यरात्री दिवे गेले तर मला कोण आणणार? पण त्या रात्री बोटीवर खलाशीही असतात, आणि वायर कुठली घालायची हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. बॅटरी शॉर्ट झाली की हजारभर अँपिअर सहज ओकते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभरातच हवा. अमेरिकेतल्या बोटींच्या एबीवायसी नियमावलीत मूळ अंतर 7 इंच आहे. सेल्फची जाड केबल तेवढी वेगळी. फ्यूज वायरला वाचवतो, दिव्याला नव्हे. तो उडाला तर मोठा घालू नका, कारण शोधा. वायर कल्हई केलेल्या बारीक तारांची घ्या, ती खाऱ्या हवेत टिकते. लग दाबून बसवा, पिळा नको. बॅटरीची पेटी उघडी-वारेदार ठेवा. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो 4 टक्के झाला तरी पेटतो. (घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी बंद कपाटात कोंबणाऱ्या खारघरकरांनीही हे वाचावं.) काम करताना आधी निगेटिव्ह काढा, मग पाना चुकून इंजिनाला लागला तरी ठिणगी उडत नाही. अंगठी मात्र खिशात.

मेहुण्यानं सगळं स्वतःच बदललं, मी फक्त मीटर धरून बसलो. मेन स्विच कुठे आहे ते त्यानं प्रत्येक खलाशाला अंधारात हात लावून शोधायला लावलं. आता त्याला बोटीवर 230 व्होल्टचा इन्व्हर्टर हवा आहे. त्या कामाला मी त्याला हात लावू देणार नाही. ओले पाय, लोखंडी इंजिन आणि घरचा करंट. तिथे परवानेवाल्याचंच काम, आणि तेही बोटींची वायरिंग केलेल्याचं.