भट्टीची कॉइल आणखी किती दिवस टिकेल?

हंगाम तोंडावर, ऑर्डर हातात आणि नेमकी भट्टीची कॉइल तुटते. नवी मिळेपर्यंत कारागीर बसून राहतात. कॉइलच्या किमतीपेक्षा हे नुकसान मोठे. वास्तविक उघड्या तारेची कॉइल बहुधा आधी सूचना देत असते. ती कशी ओळखावी, हे आपण पाहू.

नायक्रोम किंवा कँथलची तार तापली की तिच्यावर ऑक्साइडचा थर बसतो. हाच थर तारेचे रक्षण करतो. परंतु भट्टी वारंवार तापून थंड झाली की थराला तडे जातात, नवा थर बनतो आणि त्यात धातू खर्ची पडतो. तार आतून बारीक होते, तिचा रोध वाढतो, वीज कमी खेचली जाते आणि भट्टी तापायला उशीर लागतो.

हिशेब सोपा आहे. भट्टी पूर्ण चालू असताना इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज आणि टाँग टेस्टरने अँपिअर एकाच वेळी मोजून घ्या. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. नुसते अँपिअर पाहू नका. व्होल्टेज पडले तरी ते घटतात.

समजा, 3 किलोवॅटची नवी कॉइल 230 व्होल्टवर 13 अँपिअर घेते. रोध झाला 17.7 ओहम. सहा महिन्यांनी तो 18.4 भरला, म्हणजे 4 टक्के वाढ. मातीकामाच्या विजेच्या भट्ट्यांत 10 टक्के वाढीला कॉइल बदलण्याचा प्रघात आहे. तेव्हा रोध 19.5 असेल आणि शक्ती सुमारे 2.7 किलोवॅटच उरेल. याच गतीने आणखी नऊ महिने मिळतील. मात्र त्यावर पूर्ण विसंबू नये. तार जेथे बारीक होते तेथेच जास्त तापते आणि तेथेच लवकर झिजते. म्हणून 7 टक्क्यांनाच नवी कॉइल आणून ठेवावी, असे आम्ही सुचवतो.

बेकरीच्या ओव्हनमधील नळीच्या हीटरला मात्र एवढी परीक्षा पुरत नाही. तेथे नळी फुगली आहे का, तडा आहे का ते पाहावे आणि वीज बंद करून मेगरने गळती तपासून घ्यावी.

उधारीची वही आपण रोज लिहितो. तिच्यातच एक पान भट्टीसाठी राखावे : तारीख, व्होल्ट, अँपिअर, रोध. महिन्यातून एक ओळ पुरे.