व्यसनमुक्तीच्या वाटेवरील सोबत

प्रस्तावना

व्यसन एका व्यक्तीला जडते. परंतु त्याची झळ सबंध घराला लागते. उपचारांच्या काळात व त्यानंतर कुटुंबाने कोणती भूमिका घ्यावी, याचा विचार या पाठात केला आहे.

मूळपाठ

बंगळूरच्या चिकपेट भागातील एका मराठी भाषक कुटुंबाची कल्पना करा. घरातील कर्ता मुलगा कापडाच्या दुकानात नोकरीस आहे आणि दारूच्या आहारी गेला आहे. तो कामावर गेला नाही, की ‘त्यांना ताप आला आहे,’ असा निरोप पत्नी मालकांना पाठवते. त्याची उसनवारी वडील फेडतात. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून आई दार लोटून घेते. या तिन्ही कृतींमागे माया आहे. तथापि परिणाम एकच होतो. व्यसनाची किंमत घर मोजते आणि उपचारांची गरज त्याला स्वतःला जाणवत नाही.

व्यसनाधीनता हा आजार आहे, हे प्रथम मान्य करावे लागते. बोल लावून किंवा शपथा घालून तो बरा होत नाही. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हातांना कंप सुटतो, झटके येऊ शकतात, भ्रम होतो. प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. काही घरांत चहातून गुपचूप औषध दिले जाते. हा मार्ग घातक आहे. अशा औषधावर दारू प्यायल्यास प्रकृती गंभीर होऊ शकते, शिवाय विश्वासही तुटतो. बंगळुरातील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत व्यसनोपचाराचे स्वतंत्र केंद्र आहे.

उपचारांत कुटुंबालाही स्थान हवे, हे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने ओळखले. डॉ. सुनंदा (अनिता) आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केले. पु. ल. व सुनीता देशपांडे यांचे त्यास साहाय्य लाभले. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे ‘सहचरी’ हा गट आहे. वर्षानुवर्षे मनात कोंडलेले दुःख तेथे बोलता येते. पतीच्या व्यसनास आपण कारण नाही, हेही उमगते.

उपचार संपवून घरी परतणे हा प्रवासाचा शेवट नसून आरंभ आहे. रोज खिसे तपासू नयेत, जुन्या चुका उगाळू नयेत. लहानसहान जबाबदाऱ्या सोपवाव्यात, पुढील तपासण्या चुकवू नयेत. पाऊल पुन्हा घसरलेच, तर सारे संपले असे न मानता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. मात्र घरात मारहाण होत असेल, तर पत्नी व मुले यांची सुरक्षितता सर्वप्रथम पाहावी.

आता चिकपेटेतील त्या घराकडे पुन्हा वळू. एके सकाळी, पती शुद्धीवर असताना, पत्नी शांतपणे म्हणते, ‘‘आज मालकांना निरोप मी पाठवणार नाही. दवाखान्यात मात्र तुमच्याबरोबर येईन.’’ या दोन वाक्यांतील पहिले कठोर वाटते, दुसरे मायेचे. खरी सोबत या दोहोंनी मिळून होते.

पाठान्त प्रश्न

१. पत्नी, वडील व आई यांच्या कृतींचा परिणाम एकच कसा होतो?
२. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली का सोडवावी?
३. ‘खरी सोबत या दोहोंनी मिळून होते’, हे विधान स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.